खटक्यांची वंशावळ

ऑगस्ट २०२५च्या उत्तरार्धात देशातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर कॉल घेण्याचा पडदा अचानक बदलला. आजवर वर सरकवायचं बटण आता आडवं सरकवायचं झालं. बटणं लंबगोल नि मोठी झाली. 'आवडते' आणि 'अलीकडचे कॉल' हे दोन वेगळे कप्पे 'होम' नावाच्या एकाच कप्प्यात जाऊन बसले. कोणी काही दाबलं नव्हतं, कोणाला काही विचारलं गेलं नव्हतं. घरोघरी पहिली शंका आली ती एकच: फोन हॅक झाला की काय?

हॅक काही झालं नव्हतं. अनेक कंपन्या आपल्या हँडसेटमध्ये गूगलचंच 'फोन' हे अ‍ॅप देतात, आणि गूगलनं त्याचं रूप बदललं होतं. मे २०२५मध्ये जाहीर केलेल्या 'मटेरियल थ्री एक्स्प्रेसिव्ह' या नव्या रचनेचा तो भाग होता. या रचनेसाठी ४६ अभ्यास केले आणि त्यांत १८,०००हून अधिक माणसांचा सहभाग होता, असं गूगलनं सांगितलं होतं. एवढी मेहनत घेऊन केलेला बदल लोकांना घाबरवून गेला, कारण रात्री झोपताना एक फोन होता आणि सकाळी उठल्यावर दुसराच हाती आला.

व्हॉट्सअ‍ॅपवर तोडगा फिरू लागला: अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो'मध्ये जा, 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करा. अनेकांनी तेच केलं. त्याहून सौम्य उपाय अ‍ॅपच्या पोटातच होता. त्याच्या सेटिंगमध्ये 'इनकमिंग कॉल जेस्चर' असा पर्याय आहे. कॉल घ्यायला आडवं सरकवायचं की नुसतं बोट टेकवायचं, हे तिथं आपण ठरवू शकतो. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांचं बोट सरकताना मध्येच उचललं जातं, त्यांच्यासाठी हा एक खटका म्हणजे फोन घेता येणं आणि न येणं यांतला फरक. हा खटका कुठून आला आणि असे खटके कोण, कधी, कोणाच्या सांगण्यावरून देतं, याचा शोध घेत मागे गेलं की वाट थेट रेडिओपर्यंत जाते.

१९२०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या रेडिओला तीन-तीन तबकड्या असत. लहरी टप्प्याटप्प्यानं निवडल्या जात आणि प्रत्येक टप्प्याची तबकडी स्वतंत्र फिरवावी लागे. तिन्ही तबकड्या अचूक आकड्यांवर आल्या तरच केंद्र ऐकू येई. एकदा केंद्र सापडलं की मालक ते तीन आकडे कागदावर टिपून ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद पाहून पुन्हा तबकड्या जुळवी. घराघरातल्या यंत्राच्या 'सेटिंग'ची ही बहुधा पहिली वही. १९२६मध्ये अ‍ॅटवॉटर केंट कंपनीचं 'मॉडेल ३०' आलं. त्यात आतल्या आत पट्ट्यांनी सगळे टप्पे एकमेकांना जोडले होते आणि बाहेर एकच तबकडी उरली होती. काम हलकं झालं, पण केंद्र निवडायचा अधिकार जिथल्या तिथं राहिला. पुढचं सगळं मी याच मापानं मोजतो आहे.

आपल्याकडे ही पिढी टीव्हीबरोबर आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्या काळ्या-पांढऱ्या संचांना 'व्हर्टिकल होल्ड' आणि 'हॉरिझाँटल होल्ड' अशा दोन खुंट्या असत. चित्र खालून वर पळायला लागलं की एक पिळायची, तिरकं होऊन फाटायला लागलं की दुसरी. अँटेना हा तर छतावर ठेवलेला सेटिंगचाच भाग. पुण्यात ती सिंहगडाच्या दिशेला वळवायची. एकानं गच्चीवर दांडा धरायचा, एकानं जिन्यात उभं राहून निरोप पोचवायचा आणि खालून घरच्यांनी ओरडायचं, 'आलं, आलं! थांब, गेलं!' सगळं घर त्या कामात असे. खुंटी पिळली की परिणाम समोर दिसे. पिळून सोडलेली खुंटी दुसऱ्या दिवशीही तिथंच असे, संच बनवणाऱ्या कारखान्यातून कोणी रात्रीत येऊन ती हलवत नसे.

टेलिफोनचं मात्र वेगळं. काळा जड फोन सरकारी खात्याचा. वापरणाऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. घरमालकाच्या हाती एकच इलाज, तबकडीच्या भोकात अडकवायचं छोटं कुलूप. नंतर बटणांचे फोन आले आणि त्यांच्या पोटाखाली दोन बारीक खटके आले. एक घंटीच्या आवाजाचा. दुसऱ्यावर 'पी' आणि 'टी' अशी दोन अक्षरं, म्हणजे पल्स आणि टोन. जुन्या एक्स्चेंजला तबकडीसारखे ठोके लागत, नव्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजला सूर कळत. खटका चुकीच्या बाजूला असला की कधी नंबरच लागायचा नाही, तर कधी नंबर लागला तरी 'माहितीसाठी एक दाबा' म्हणणाऱ्या बाईला आपण दाबलेला एक ऐकूच जायचा नाही. हा खटका मला फार महत्त्वाचा वाटतो. खुंटी पिळताना आपण आपल्याच खोलीतल्या यंत्राशी बोलत होतो. इथं पहिल्यांदा दूरच्या, न दिसणाऱ्या व्यवस्थेला काय समजतं हे माहीत असल्याशिवाय आपल्या घरातला खटका बरोबर लावता येईनासा झाला.

संगणकाच्या घराण्यातही सुरुवात खऱ्याखुऱ्या खटक्यांनीच झाली. १२ ऑगस्ट १९८१ला आलेल्या आयबीएम पीसीच्या मुख्य पाटीवर आठ-आठ इवल्या खटक्यांचे दोन संच होते. मेमरी किती, फ्लॉपीचे ड्राइव्ह किती, पडदा कोणता, हे यंत्राला सांगायचं तर डबा उघडून बॉलपेनच्या टोकानं ते खटके वर-खाली करावे लागत. १९८४च्या 'एटी' मॉडेलमध्ये ही माहिती बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत गेली. त्याआधीच, १९८३च्या एमएस-डॉस २.०बरोबर 'कॉन्फिग डॉट सिस' नावाची फाइल आली होती आणि खटक्याच्या जागी मजकूर आला होता. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना ती आठवत असेल. एक ओळ चुकली की यंत्र सुरू होताना अडायचं. पण ती फाइल कोणालाही उघडून वाचता येत होती, छापून भिंतीवर लावता येत होती.

याच काळात एक फार सुंदर गोष्ट घडली. २४ जानेवारी १९८४ला अ‍ॅपलचा मॅकिंटॉश संगणक आला. त्याचं कंट्रोल पॅनल अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहिलं आणि त्याची चित्रं सुझन केअर यांनी काढली. सगळं मिळून एकच छोटी चौकट आणि तिच्यात शब्द जवळपास नाहीतच. आवाजासाठी शून्य ते सात अशी सरकपट्टी, वेळेसाठी घड्याळ, वेगासाठी कासव नि ससा. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळेल की कासवाकडे गेलं की हळू आणि सशाकडे गेलं की भरभर. मॅन्युअल उघडायची गरज नव्हती. आज फोनच्या सेटिंगमध्ये पडद्यामागून पडदे उघडत जाताना मला त्या चौकटीची आठवण होते. माणसाला यंत्राबद्दल जेवढं ठरवायचं आहे तेवढं एका नजरेत मावलं पाहिजे, हा आग्रह त्या दोघांनी धरला होता. दुर्दैवानं तो पुढे टिकला नाही. मॅकचं पॅनल पुढे तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं. विंडोजनं नोव्हेंबर १९८५मध्ये पहिल्याच आवृत्तीत कंट्रोल पॅनल आणलं, ते वाढत वाढत गेलं. २०१२च्या विंडोज ८मध्ये त्याच्या शेजारी 'सेटिंग्ज' नावाचं दुसरं दालन उघडलं. विंडोज ११ आली तरी जुनं पॅनल पुरतं गेलेलं नाही. कोणता खटका कोणत्या दालनात आहे, हे पुष्कळदा शोधूनच काढावं लागतं.

मोबाइलवर सेटिंग आपल्याला खऱ्या अर्थानं शिकवली ती नोकियानं. ५११० आणि ३३१० या फोनच्या मेन्यूत प्रत्येक पायरीला क्रमांक होता आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राही. 'मेन्यू' दाबून ओळीनं दोन-तीन आकडे दाबले की थेट हव्या त्या जागी पोचता येई. लोक मार्ग शब्दांत लक्षात ठेवत नसत, बोटांत ठेवत. सभेत बसल्या बसल्या, खिशातल्या खिशात फोन 'सायलेंट' करणारी माणसं मी पाहिली आहेत. हे शक्य होतं, कारण फोन विकत घेतला त्या दिवशी जो मेन्यू होता तोच फोन बंद पडेपर्यंत राहायचा. सॉफ्टवेअर बदलायचं तर सर्व्हिस सेंटरला जावं लागे आणि बहुतेकांवर ती वेळच येत नसे. एकदा शिकलेलं आयुष्यभर पुरत होतं. शेजाऱ्याकडे तोच फोन असला तर त्यालाही ते शिकवता येत होतं. या स्थैर्याची किंमत तेव्हा कळली नाही.

'पी'-'टी'च्या खटक्याचं बीजही मोबाइलमध्ये उतरलं होतं. एसएमएस जायचा तर फोनमध्ये मेसेज सेंटरचा नंबर बरोबर भरलेला असावा लागे. इंटरनेट हवं तर कंपनीच्या कस्टमर केअरला विनवणी करायची, मग 'सेटिंग्ज' एका मेसेजमधून येत, त्या सेव्ह करून 'डिफॉल्ट' करायच्या. 'सेटिंग आली का?' हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा नेहमीचा प्रश्न होता. आणि काही सेटिंग तर मेन्यूत नव्हत्याच. स्टार, हॅश आणि आकडे यांच्या जुळण्या दाबून कॉल दुसऱ्या नंबरवर वळवता येई, कॉल वेटिंग सुरू-बंद करता येई. आजच्या महागड्या फोनवरही त्या तशाच चालतात. ठगांना हे बरोबर ठाऊक आहे. सिम बंद पडेल, कुरियर परत जाईल असं सांगून ते समोरच्याकडून असे आकडे दाबून घेतात आणि त्याचे कॉल, पर्यायानं बँकेचे फोनवर सांगितले जाणारे ओटीपी, स्वतःकडे वळवतात. म्हणूनच दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४पासून स्टार-चारशे-एक-हॅश या पद्धतीची कॉल फॉरवर्डिंग सेवा थांबवायला कंपन्यांना सांगितलं. सेटिंग परक्याच्या सांगण्यावरून बदलू नये, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगितलं पाहिजे. मग तो परका कितीही गोड बोलो.

वंशावळीत दुसऱ्या बाजूनं येऊन मिळालेलं घराणं अपडेटचं. त्याचा जन्म दुरुस्तीसाठी झाला, शृंगारासाठी नाही. विंडोज ९८बरोबर 'विंडोज अपडेट' आलं तेव्हा स्वतःहून संकेतस्थळावर जाऊन दुरुस्त्या घ्याव्या लागत. कोण घेतो? ऑगस्ट २००३मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा जगभरच्या संगणकांत शिरला. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं जुलैमध्येच दिलेली होती, असंख्य लोकांनी ती लावली नव्हती, एवढंच. पुढच्या वर्षी आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २नं फायरवॉल आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली आणि स्वयंचलित अपडेट घ्या असा आग्रह धरला. फोनच्या जगात हेच २०१५मध्ये घडलं. 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघड झाला, एका मल्टिमीडिया मेसेजमधून अँड्रॉइड फोनवर ताबा मिळवता येईल असा. त्यानंतर गूगलनं दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. त्यामुळे 'अपडेट बंदच करून टाका' हा सल्ला मी कोणालाही देणार नाही. ज्या फोनमध्ये यूपीआय आहे, त्या फोनला दुरुस्त्या हव्यातच.

दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली ती आयफोन आणि अँड्रॉइडच्या काळात. पहिला आयफोन २९ जून २००७ला आला. त्याच्या पडद्यावर दातेरी चाकांचं चिन्ह असलेलं 'सेटिंग्ज' हे स्वतंत्र अ‍ॅप होतं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आलेल्या १.१.१ या अपडेटनं कुलूप तोडलेले कित्येक आयफोन निकामी केले. अ‍ॅपलनं तशी सूचना आधी दिली होती, तरी आपल्या हातातली वस्तू दुसऱ्या कोणाच्या एका फाइलनं बंद पडू शकते, हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या वेळी अपडेटसाठी फोन केबलनं संगणकाला जोडावा लागत होता, म्हणजे निदान माणूस शेजारी बसलेला असायचा. अँड्रॉइडला पहिल्यापासून अपडेट हवेतून मिळत होते, आणि ऑक्टोबर २०११च्या आयओएस ५पासून आयफोनलाही मिळू लागले. मग रात्री चार्जिंगला लावलेला फोन झोपेतच बदलायला लागला. पुढे कंपन्या अ‍ॅपच्या पोटात नवं रूप आधीच भरून ठेवून सोयीनं सर्व्हरवरून ते उघडायला लागल्या. टीव्हीची खुंटी रात्रीतून हलवायला आता खरोखरच कोणीतरी येत होतं.

इथून पुढचा इतिहास भांडणांचा आहे, आणि सेटिंगमधल्या बऱ्याच खटक्यांचा जन्म त्या भांडणांतून झाला आहे. सप्टेंबर २०१३मध्ये आयओएस ७ आलं. अ‍ॅप उघडलं की पडदा झेप घेतल्यासारखा पुढे येई. कानाच्या आतल्या तोलाचा त्रास असलेल्या अनेकांना त्यानं चक्कर आणि मळमळ होऊ लागली. साधारण महिन्याभरानं, २२ ऑक्टोबरला आलेल्या ७.०.३मध्ये 'रिड्यूस मोशन' हा खटका ती झेप बंद करू लागला. आज 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'च्या दालनात तो गुपचूप बसलेला असतो. चक्कर येऊन तक्रार करणाऱ्या माणसांनी तो मिळवला आहे. २०१७च्या आरंभी एका अपडेटनं जुनी बॅटरी असलेले आयफोन न सांगता धीमे केले. डिसेंबरात ते उघड झाल्यावर अ‍ॅपलला माफी मागावी लागली, आणि मार्च २०१८मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारा, धीमेपणा बंद करू देणारा पडदा सेटिंगमध्ये आला. २०२१मध्ये सफारीची पत्त्याची पट्टी वरून खाली गेली, त्यावर उन्हाळाभर गदारोळ झाला, आणि आयओएस १५ बाहेर पडताना ती पुन्हा वर नेण्याचा पर्याय त्यात होता. सप्टेंबर २०२५मध्ये आयओएस २६चं काचेसारखं 'लिक्विड ग्लास' आलं. काचेतून मागचं दिसतं म्हणून पुढची अक्षरं वाचता येत नाहीत, ही तक्रार लगेच सुरू झाली. नोव्हेंबरमधल्या २६.१मध्ये 'क्लिअर' की 'टिंटेड' अशी निवड मिळाली.

सगळीच भांडणं जिंकली गेली नाहीत. २०२१च्या अँड्रॉइड १२मध्ये वरून खाली ओढायच्या पट्टीतली वायफाय आणि मोबाइल डेटाची दोन बटणं जाऊन 'इंटरनेट' असं एकच बटण आलं. आधी एका टिचकीत होणारं काम आता दोन टिचक्यांचं. वायफाय नीट चालेनासं झालं की लोक ते बंद करतात आणि पुन्हा चालू करायला विसरतात, असं स्पष्टीकरण गूगलनं दिलं. कारण खोटं नसेल. पण रोजचा दीड जीबी पुरवून पुरवून वापरणाऱ्या माणसाला डेटा बंद करायचं बटण कुठं आहे हे डोळे मिटून कळावं लागतं, हे त्या हिशेबात कुठं होतं? ज्यांना संगणकावरून आज्ञा देता येत होत्या, त्यांनी जुनी बटणं परत आणली. बाकीच्यांनी सवय करून घेतली.

कधी तर खटका आधीपासून असतो, पण तो चालू कोणी केला हेच कळत नाही. जून २०२३मध्ये ब्रिटनच्या पोलिसांकडे ९९९वर मुके कॉल विक्रमी संख्येनं यायला लागले. अँड्रॉइडच्या एका अपडेटनंतर बाजूचं बटण पाचदा दाबलं गेलं की फोन आपणहून मदतकेंद्राला लागत होता, आणि खिशात किंवा पर्समध्ये ते सहज दाबलं जात होतं. सोय जीव वाचवणारीच आहे. पण ज्याच्या खिशात ती चालू होती, त्याला तिचा पत्ता नव्हता.

या सगळ्याचा भार शेवटी कुठं येऊन पडतो, ते मला आमच्या भागातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिसलं. काउंटरवर निवृत्त शिक्षिका असाव्यात अशा एक बाई आल्या. 'अरे बाळा, याची रिंगच वाजत नाही बघ. लेक रात्रभर फोन करत होती, घाबरून शेवटी शेजारच्यांना केला तिनं.' मुलानं फोन हातात घेतला. 'कधीपासून, काकू?' 'परवा अपडेट झाला म्हणाला, तेव्हापासून.' त्यानं वरून पट्टी खाली ओढली. चंद्राचं चिन्ह पेटलेलं होतं, 'डू नॉट डिस्टर्ब' चालू. ते बंद केलं. मग आवाजाची पट्टी उघडली. तिथं आता रिंगची वेगळी नि नोटिफिकेशनची वेगळी, अशा दोन सरकपट्ट्या होत्या आणि रिंगची तळाला गेलेली होती. ती वर नेली, स्वतःच्या फोनवरून रिंग देऊन बघितली. दोन मिनिटांचं काम. बाईंनी पर्समधून डायरी काढली. 'सांग, लिहून घेते.' आधीच्या पानांवर त्यांनी सुवाच्य अक्षरात अशाच पायऱ्या लिहिल्या होत्या: गॅसचं बुकिंग, फोटो पाठवणं, अक्षर मोठं करणं. त्यांतल्या काही ओळींवर काट मारलेली होती. 'हे आता तिथं सापडत नाही,' त्या म्हणाल्या. मुलगा सबुरीनं सांगत होता. अपडेटनंतर आधी आवाज बघा, मग चंद्र, मग फोन नि मेसेजसाठी कोणतं अ‍ॅप ठरलंय ते, आणि व्हॉट्सअ‍ॅपला बॅटरीनं झोपवलं नाही ना ते. जागा सापडली नाही तर सेटिंगच्या माथ्यावर भिंगाचं चिन्ह आहे, तिथं शब्द टाका. त्यानं पैसे घेतले नाहीत.

डायरीतल्या त्या काट मारलेल्या ओळी मला सगळ्यात जास्त खुपल्या. काहीतरी शिकण्यासाठी सत्तरीच्या बाईंनी घेतलेले कष्ट कोणीतरी दूर बसून रद्द केले होते. रद्द करणाऱ्याला ते कळलंही नव्हतं. 'क्लिअर' आणि 'टिंटेड'ची निवड मिळाली, कारण तक्रार करणाऱ्यांना कुठं, कोणत्या भाषेत, कशी तक्रार करायची हे माहीत होतं. या बाईंची तक्रार काउंटरपलीकडे जात नाही. म्हणून त्यांच्या नावाचा एकही खटका कोणत्याही फोनमध्ये जन्मलेला नाही.

उपाय तंत्राच्या आवाक्यातला आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपाचा बदल एकाच पुडीतून द्यायची सक्ती नाही, हे कंपन्यांनी स्वतःच दाखवून दिलं आहे. २०२१मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा अ‍ॅपलनं १४वरच राहून फक्त सुरक्षेचे अपडेट घेण्याची मुभा दिली होती, जानेवारी २०२२पर्यंत ती मावळली. मे २०२३मध्ये त्यांनी केवळ सुरक्षेची छोटी पुडी पहिल्यांदा धाडली. अँड्रॉइड १०पासून आतले काही भाग गूगल प्लेमधून वेगळे दुरुस्त होतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं आणखी एक वर्ष निव्वळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ केल्या, नवं काहीही न देता. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नियम लागू झाला आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट मिळत राहिले पाहिजेत. अपडेट किती वर्षं द्यायचे हे कायदा ठरवू शकतो, तर दुरुस्ती घेऊन रूप नाकारायचा हक्कही कायद्यानं देता येईल.

आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल उघडलं. मोबाइलचे भाग, मॅन्युअल, सर्व्हिस सेंटर यांची माहिती तिथं मिळावी असा हेतू आहे. वस्तू मोडली तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क तिथं मान्य झाला. न मोडलेली वस्तू न विचारता बदलली जाऊ नये, हा हक्क त्याच यादीत पुढचा असायला हवा. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी उभी केली, तेव्हा प्रश्न वजनमापाचा नि भेसळीचा होता. आजच्या ग्राहक संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा आणि मागणी नेमकी ठेवावी: रूपबदलाआधी विचारणा, नकाराचा पर्याय, निदान वर्षभर जुन्या मांडणीवर राहण्याची सोय, आणि हे सगळं मराठीत, पहिल्याच पडद्यावर. तोवर अपडेट स्वयंचलितच असू द्या. एखाद्या अ‍ॅपचा बदल सोसवत नसेल, तर प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर तीन ठिपक्यांत 'ऑटो अपडेट'ची खूण आहे, तेवढ्यापुरती काढता येते. महिन्या-दोन महिन्यांनी मात्र ते अ‍ॅप आठवणीनं हातानं अपडेट करा, कारण त्याच्या दुरुस्त्याही त्याच वाटेनं येतात.